सांगली बँकेचा जुना शेअर आणि बाजारात उतरणारी बँक

दिवाळीच्या साफसफाईत बापूंच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. बापू तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वर्षातून एकदा रिटर्नचे कागद घेऊन ते माझ्या सांगलीच्या ऑफिसात येतात, चहा होतो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं. या वेळी पिशवीतून त्यांनी घडीवर फाटत आलेला एक दाखला काढला. वर ‘दि सांगली बँक लिमिटेड’, खाली त्यांच्या वडिलांचं नाव आणि १८५ शेअरचा आकडा.

“भाऊ, ही बँक तर कवाच गेली. ह्या कागदाचं काय करायचं? रद्दीत घालू?”

रद्दीत घालू नका म्हटलं, तर लगेच दुसरा प्रश्न आला. पोरानं मोबाइलवर शेअरचं ॲप घेतलंय, एका बँकेचा आयपीओ, म्हणजे शेअरची लोकांना पहिलीच जाहीर विक्री, येतोय, फॉर्म भरू म्हणतोय. “बँकेचाच हाय म्हटल्यावर ठेवीसारखंच की. व्याज जरा जास्त, येवढंच.”

“ठेवीसारखंच की” हे वाक्य मी या भागात गेली कित्येक वर्षं ऐकतोय. शिकलेली माणसंही म्हणतात. बँक बाजारात उतरते म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायचं तर आधी हे वाक्य डोक्यातून काढावं लागतं. म्हणून त्या दिवशी मी बापूंना जे कागदावर मांडून दाखवलं, तेच इथे सविस्तर लिहितोय.

एका बँकेने लोकांना १०० रुपये कर्ज दिलंय असं धरा. हे १०० आले कुठून? ८८ रुपये ठेवीदारांचे आणि १२ रुपये मालकांचे, म्हणजे भागधारकांचे. खऱ्या बँकेत रोख, सरकारी रोखे, बाहेरची उसनवारी असं बरंच काही असतं, पण सांगाडा हाच. आता अवकाळीने बागा झोडपल्या आणि १०० पैकी ५ रुपये काही परत येत नाहीत असं दिसलं. ठेवीदाराला “तुम्ही ५ रुपये कमी घ्या” असं बँक म्हणू शकत नाही. ते ५ रुपये मालकांच्या १२ मधून जातात. उरले ७. आणखी ७ बुडाले की मालकांचं भांडवल साफ. त्यापुढे बुडणारा प्रत्येक रुपया ठेवीदाराच्या ताटातला.

सांगलीकराला हे पुराच्या भाषेत लगेच कळतं. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर सगळ्यांचा डोळा असतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पण पाणी सगळीकडे एकाच वेळी शिरत नाही. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर. तिथली माणसं सामान हलवत असतात तेव्हा विश्रामबागेत दुकानं उघडी असतात. बँकेत भागधारक राहतो सूर्यवंशी प्लॉटमध्ये आणि ठेवीदार विश्रामबागेत. नुकसानीचं पाणी पहिल्यांदा भागधारकाच्याच दारात येतं. त्याच्या बदल्यात बँक चांगली चालली तर वाढलेला सगळा नफाही त्याचाच असतो, ठेवीदाराला ठरलेलं व्याज सोडून एक पैसा जास्त मिळत नाही. म्हणजे शेअर ही जास्त व्याजाची ठेव होत नाही. ठेवीला ओल लागू नये म्हणून तिच्यासमोर घातलेला बांध म्हणजे शेअर.

बापूंनी कागदावरच्या १२ भोवती बोटाने गोल काढला आणि विचारलं, “मग हे १२ कोण ठरवतं?”

रिझर्व्ह बँक ठरवते. भारतात बँकेला आपल्या कर्जांच्या मानाने किमान ९ टक्के भांडवल ठेवावं लागतं, शिवाय अडीच टक्क्यांची आणखी एक उशी, म्हणजे ११.५ टक्के. यात प्रत्येक कर्जाला त्याच्या जोखमीप्रमाणे वजन दिलेलं असतं. घरकर्जाला कमी, विनातारण वैयक्तिक कर्जाला जास्त. ढोबळ हिशेब असा की मालकांच्या १ रुपयावर बँक साडेआठ-नऊ रुपयांचं कर्ज उभं करू शकते. भांडवल तेवढंच राहिलं तर दारात ठेवींची रांग लागली तरी कर्ज वाढवता येत नाही.

साखर कारखाना शेअर विकतो तो जमीन घ्यायला, यंत्रं बसवायला. बँक शेअर विकते ती मुख्यतः आणखी कर्ज देण्याचा हक्क मिळवायला. नफा बाजूला टाकूनही भांडवल वाढतं, पण ते थेंबे थेंबे. भरभर वाढायचं असेल तर बाहेरचा पैसा आणावा लागतो, आणि तो परत न मागणाऱ्यांकडून आणावा लागतो. ठेवीदार आपला पैसा परत मागतो. भागधारक बँकेकडे परत मागू शकत नाही, त्याला फक्त आपला शेअर दुसऱ्या कुणाला तरी विकता येतो. तो कुठे विकायचा, कुठल्या भावाला विकायचा, यासाठीच शेअर बाजारात नोंदणी.

इथे आपल्याकडच्या लोकांचा एक गोंधळ होतो, कारण सांगली-साताऱ्यात ‘बँकेचा शेअर’ म्हटलं की डोळ्यापुढे सहकारी बँक येते. कर्ज काढताना घ्यावे लागलेले शेअर, वार्षिक सभेचं आमंत्रण, लाभांशाची छोटी रक्कम. तो शेअर वेगळ्या जातीचा. सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत, मग शेअर दहा असोत की दहा हजार. शेअर परत केला तर दर्शनी किंमत मिळते, बँक कितीही मोठी झालेली असो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे लाभांश १५ टक्क्यांच्या वर जात नाही. असा शेअर बाजारात चढत नाही. ‘आपल्या अर्बन बँकेचा आयपीओ कधी?’ असं कुणी विचारलं तर उत्तर असं की आधी तिला सहकारातून बाहेर पडून कंपनी व्हावं लागेल. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना स्मॉल फायनान्स बँक, म्हणजे लहान कर्जदारांसाठीची कंपनी-बँक, होण्याची वाट काढून दिली, आणि उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरची शिवालिक मर्कंटाइल सहकारी बँक २०२१ मध्ये त्या वाटेने गेली. वाट सोपी नाही, आणि एक सभासद एक मत हे सोडून द्यावं का, हा प्रश्न सभासदांनी मनापासून विचारावा असा आहे. माझं मत विचाराल तर लहान गावातल्या नीट चाललेल्या सहकारी बँकेने या घाईत पडू नये.

दुसरी जात म्हणजे कंपनी असलेली, पण बाजारात नोंद नसलेली बँक. बापूंच्या पेटीतली सांगली बँक तशी होती. १९१६ ची स्थापना, दोनशेच्या आसपास शाखा, नावापुढे ‘लिमिटेड’, भागधारक, लाभांश, सगळं होतं. पण तिचा शेअर मुंबईच्या कुठल्याही बाजारात विकला जात नव्हता. विकायचा तर ओळखीतून गिऱ्हाईक शोधायचं. भाव काय, हे दोघांनी बसून ठरवायचं.

तिसरी जात साताऱ्यात होती. १९३६ साली सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक. मुख्य कचेरी साताऱ्यात आणि शेअर बाजारात नोंदलेला, त्याचा भाव रोज जाहीर. कुणीही घ्यावा, कुणीही विकावा.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की दोन्ही बँका अवघ्या सहा-सात महिन्यांच्या अंतराने गेल्या. साताऱ्याच्या बँकेचं भांडवल थकीत कर्जांनी खाल्लं होतं. २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर निर्बंध आले, आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे रोख २८ रुपये मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात सांगली बँकेचं आयसीआयसीआय बँकेत विलीनीकरण जाहीर झालं आणि एप्रिल २००७ मध्ये ते पार पडलं. तिथे रोख नाही मिळाली. सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. दोन्हीकडचे ठेवीदार मात्र सुखरूप दुसऱ्या बँकेत गेले. पासबुकावरचं नाव बदललं, रक्कम तीच राहिली.

मी हे मुद्दाम सांगतो, कारण बाजारात नोंदणी झाली म्हणजे बँक मजबूत झाली असं लोकांना वाटतं. साताऱ्याची बँक बाजारात होती, तरी गेली. नोंदणीने भागधारकाला दोनच गोष्टी मिळतात: रोजचा उघड भाव आणि बाहेर पडायचं दार. सांगली बँकेच्या भागधारकाकडे या दोन्ही नव्हत्या. आपल्या शेअरची किंमत काय, हे त्याला ठामपणे कळलं ते दुसऱ्या बँकेने प्रमाण ठरवलं तेव्हा.

आता आयपीओकडे. याच मातीतली एक बँक या वाटेने शेवटपर्यंत गेली, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. १९४३ साली सांगलीचे बाबगोंडा भुजगोंडा पाटील आणि कोल्हापूरचे गंगाप्पा सिद्दाप्पा चौगुले यांनी रत्नाकर बँक काढली. कोल्हापूर आणि सांगली, अशा दोन शाखा. कित्येक दशकं ती आपल्याच भागातली बँक म्हणून चालली. २०१० मध्ये नवं व्यवस्थापन आलं, देशी-परदेशी गुंतवणूक संस्थांकडून भांडवलाच्या फेऱ्या झाल्या, २०१४ मध्ये नाव आरबीएल बँक झालं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आयपीओ. खासगी बँकेचा आयपीओ देशात जवळपास दहा वर्षांनी येत होता.

अशा वेळी बँकेला पहिली गोष्ट करावी लागते ती म्हणजे बॉक्स फोडणं. तासगावला किंवा सांगलीच्या यार्डात बेदाण्याचा सौदा बघितला असेल तर लक्षात येईल. बॉक्स उघडून माल पुढे मांडलेला असतो. व्यापारी मूठभर उचलतो, रंग बघतो, बोटात दाबून ओलावा बघतो, दोन दाणे तोंडात टाकतो. वरच्या थराला चांगला आणि खाली हलका माल भरला असेल तर अनुभवी हात तळापर्यंत जातो. बँकेच्या बाबतीत हा उघडा बॉक्स म्हणजे सेबीकडे, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, दाखल होणारा प्रस्तावाचा मसुदा. शेकड्यांनी पानं. बँक आधी मर्चंट बँकर, म्हणजे विक्रीची सगळी व्यवस्था बघणारी संस्था, नेमते, वकील नेमते, तीन वर्षांचे हिशेब एकाच पद्धतीने पुन्हा मांडून लेखापरीक्षकांकडून तपासून घेते. मग तो मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी संकेतस्थळावर ठेवला जातो. तो फुकट वाचायला मिळतो, आणि तरीही फॉर्म भरणाऱ्या शंभरातल्या एकानेही तो उघडलेला नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळा वाचणं कुणालाच जमत नाही, ते मान्य. पण बँकेच्या मसुद्यात कुठे हात घालायचा ते सांगतो. एक, थकीत कर्ज. हप्ता ९० दिवसांवर थकला की ते कर्ज एनपीए धरलं जातं. हा आकडा तीन वर्षांत कुठून कुठे गेला ते बघावं. दुसरं, पहिले २० कर्जदार मिळून एकूण कर्जाचा किती हिस्सा घेऊन बसलेत. दहा बागायतदार बुडाले तर बँक तरते, एकच मोठा बिल्डर बुडाला तर हादरते. त्याचप्रमाणे पहिले २० ठेवीदार किती मोठे आहेत हेही असतं. ते मोठे ठेवीदार एकदम उठून गेले तर काय, हा प्रश्न त्यातूनच सुचतो. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका आकडा म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतला फरक. बँक म्हणते माझं थकीत कर्ज इतकं, रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासून म्हणतात नाही, इतकं. हा फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर बँकेला तो जाहीर करावा लागतो. जो आपल्या वहीत थकबाकी कमी लिहितो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सेबी हा मसुदा तपासते, शंका विचारते, दुरुस्त्या करायला लावते. पण सेबी काय तपासते हे नीट समजून घ्या. माहिती पुरेशी दिली आहे का, काही लपवलंय का, एवढंच ती बघते. बँक चांगली की वाईट, भाव योग्य की महाग, यावर ती शिक्का मारत नाही. ‘सेबीने पास केलंय’ असं सांगून कुणी शेअर गळ्यात मारत असेल तर त्याला हे वाक्य ऐकवा.

साध्या कंपनीला सेबी आणि शेअर बाजार एवढ्यांनाच तोंड द्यावं लागतं. बँकेवर तिसरा आणि सगळ्यात कडक डोळा रिझर्व्ह बँकेचा. बँकेचे ५ टक्के किंवा जास्त शेअर घ्यायचे तर तिची आधी परवानगी लागते. कुणाकडे कितीही शेअर असले तरी त्याची मतं २६ टक्क्यांवर मोजली जात नाहीत. खासगी बँकेत परदेशी मालकी एकूण ७४ टक्क्यांपर्यंतच चालते. याचं कारण त्या पहिल्या कागदातच आहे. १२ रुपयांचा मालक ८८ रुपये दुसऱ्यांचे सांभाळत असतो. असा माणूस कोण आहे, हे सरकारने बघायलाच हवं. काही वेळा तर बाजारात जायचं की नाही हेही बँकेच्या हातात नसतं. नव्या परवान्यांत नोंदणीची मुदत घातलेली असते आणि मूळ प्रवर्तकाने, म्हणजे बँक काढणाऱ्याने, आपला हिस्सा कधीपर्यंत किती कमी करायचा तेही लिहिलेलं असतं. बंधन बँकेचा शेअर मार्च २०१८ मध्ये बाजारात आला, पण प्रवर्तकाचा हिस्सा मुदतीत ४० टक्क्यांवर आला नाही, तेव्हा त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने तिला परवानगीशिवाय नव्या शाखा उघडायला मनाई केली आणि मुख्याधिकाऱ्याचा पगार गोठवला. आपली बँक ऑफ महाराष्ट्र २००४ मध्ये बाजारात आली ती वेगळ्या कायद्याखाली. सरकारी बँक, तिथे मोठा वाटा सरकारकडेच ठेवावा लागतो.

मग भाव ठरवणं. इथेही सौद्याची उपमा चालते, पण अर्धीच. बेदाण्यात प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा, आणि जो जास्त बोलेल त्याचा माल. आयपीओत माल एकच आणि भाव सगळ्यांना एकच. बँक आधी एक पट्टा जाहीर करते. रत्नाकरच्या वेळी तो २२४ ते २२५ रुपये होता. नियमाने वरचा भाव खालच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. विक्री उघडण्याच्या आदल्या दिवशी म्युच्युअल फंडांसारख्या मोठ्या संस्था बोली लावून आपला वाटा उचलतात, त्यांना अँकर म्हणतात. त्यानंतर तीन कामकाजाचे दिवस सगळ्यांसाठी. प्रत्येक जण सांगतो, मला या भावाला इतके शेअर हवेत. सगळ्या बोल्या रचून बघितल्यावर ज्या भावाला पूर्ण माल खपतो, तो भाव सगळ्यांना लागतो. सामान्य माणसाला भावाशी झगडायची गरज नाही. तो ‘कट-ऑफ’वर खूण करतो, म्हणजे जो ठरेल तो मान्य. नेहमीच्या पद्धतीत निम्मा माल मोठ्या संस्थांना, १५ टक्के श्रीमंत गुंतवणूकदारांना आणि ३५ टक्के किरकोळ गुंतवणूकदारांना, म्हणजे २ लाख रुपयांपर्यंत अर्ज करणाऱ्यांना राखलेला असतो.

अर्ज लॉटमध्ये, म्हणजे ठरावीक शेअरच्या गठ्ठ्यात, करायचा. एक लॉट साधारण १० ते १५ हजार रुपयांचा. अर्जाचे पैसे खात्यातून जात नाहीत, तिथेच अडकवून ठेवले जातात, आणि शेअर मिळाले तरच कापले जातात. त्यावरचं बचत खात्याचं व्याजही चालूच राहतं. पूर्वी अर्जासोबत चेक जायचा आणि परताव्याची महिनोनमहिने वाट बघावी लागायची. त्या काळातली भीती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात अजून आहे, म्हणून हे त्यांना मुद्दाम सांगावं.

मागणी जास्त आली की किरकोळ गटात प्रत्येकाला एकच लॉट आणि तोही सोडतीने. दहा लॉटचा अर्ज केला म्हणून नंबर लागायची शक्यता वाढत नाही. रत्नाकरचा आयपीओ एकूण जवळपास ७० पट भरला. आकडा ऐकून लोक हुरळतात. पण त्यातली बहुतेक मागणी मोठ्या संस्थांची आणि मोठ्या रकमा लावणाऱ्यांची होती. किरकोळ गटातली मागणी त्या मानाने फार कमी होती.

यात आणखी एक गोष्ट बापूंनी अगदी बरोबर पकडली. “म्हणजे मी दिलेलं पैसं बँकेला मिळत्यात?” अर्धवट. आयपीओत दोन प्रकारचे शेअर विकले जातात. नवे छापलेले शेअर, त्यांचे पैसे बँकेत जातात आणि भांडवल वाढतं. आणि जुन्या मालकांनी विकायला काढलेले शेअर, त्यांचे पैसे त्या जुन्या मालकांच्या खिशात. रत्नाकरच्या १,२१३ कोटींतला मोठा भाग नव्या शेअरचा होता, उरलेला जुन्यांच्या विक्रीचा. फॉर्म भरण्याआधी हे प्रमाण बघा. बहुतेक सगळा आयपीओ जुन्यांच्याच विक्रीचा असेल, तर बाहेर पडणाऱ्याला आत्ताच का पडायचंय, हे विचारायलाच हवं. आणि एकदा नोंदणी झाली की बाजारात रोज हातोहात फिरणाऱ्या शेअरमधला एक रुपयाही बँकेकडे जात नाही. बापूंनी विकला, इस्लामपूरच्या कुणी घेतला, एवढंच.

विक्री बंद झाल्यापासून आता तीन कामकाजाच्या दिवसांत शेअर डीमॅट खात्यात, म्हणजे कागदाऐवजी संगणकावर शेअर ठेवायच्या खात्यात, येऊन बाजारात उतरतो. त्या सकाळी ९ वाजल्यापासून भावाची चाचपणी चालते आणि १० वाजता खरी खरेदी-विक्री सुरू. ३१ ऑगस्ट २०१६ ला रत्नाकरचा २२५ चा शेअर २७४ रुपयांवर उघडला. मुंबईत घंटा वाजली. बँकेची नोंदणीकृत कचेरी मात्र कोल्हापूरच्या शाहूपुरीतच राहिली.

त्या दिवसापासून बँकेचं जगणं बदलतं. दर तीन महिन्यांनी निकाल, थकीत कर्जाचा आकडा चारचौघांत, मोठ्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला तरी लगेच बाजाराला कळवणं. यातला बराच भाग चांगला आहे. ज्या बँकेकडे हजारो डोळे लागलेत तिला लपवाछपवी अवघड जाते. पण बँकेला याची एक वेगळी झळही लागते, जी कारखान्याला लागत नाही. कारखान्याचा शेअर पडला म्हणून साखर कडू होत नाही. बँकेचा शेअर धाडकन पडला तर ठेवीदार घाबरतो, रांगेत उभा राहतो, आणि सगळे एकदम पैसे मागायला लागले तर चांगली बँकही अडचणीत येते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आल्यावर इतर खासगी बँकांतूनही ठेवी हलू लागल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेला राज्य सरकारांना पत्र लिहून धीर द्यावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये आरबीएलमध्ये रिझर्व्ह बँकेने आपला संचालक नेमला, मुख्याधिकारी रजेवर गेले, शेअर कोसळला, आणि बँकेचं भांडवल पुरेसं असल्याचं रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं.

त्या शेअरची वाट बघा. २२५ ला दिलेला, २०१९ मध्ये ७०० च्या आसपास, २०२२ मध्ये १०० च्याही खाली. या सगळ्या काळात त्याच बँकेतल्या ठेवीदाराला ठरलेलं व्याज ठरलेल्या तारखेला मिळत राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने शेअरमागे २८० रुपये देऊन ६० टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. अशा वेळी उरलेल्या लहान भागधारकांसमोरही खरेदीचा प्रस्ताव ठेवावा लागतो, हे बाजारातल्या नोंदणीचं आणखी एक संरक्षण. पण ज्या बँकेचा आरंभ कोल्हापूर-सांगलीच्या दोन शाखांतून झाला तिची चावी दुबईकडे जाऊ शकते, हाही बाजारात उतरण्याचाच अर्थ. शेअर खुल्या बाजारात ठेवला की तो कुणाच्या हाती जाईल हे गाव ठरवत नाही.

आणि सगळ्यात वाईट काय होऊ शकतं तेही बापूंना सांगितलं. तमिळनाडूतली लक्ष्मी विलास बँक बाजारात नोंदलेली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ती डीबीएसच्या भारतातल्या बँकेत विलीन झाली तेव्हा भागधारकांचं भांडवल पूर्ण पुसलं गेलं. २८ रुपये नाही, ९२५ ला १०० नाही, शून्य. ठेवीदारांचा पैसा पूर्ण राहिला. ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. शेअरला कसलाच विमा नाही.

बापू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पोराला एक लॉट भरू दे, पण पोरीच्या लग्नाची ठेव मोडायची नाही. मला यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही.

राहिला तो फाटका दाखला. तो कागद आता शेअर नाही, पण त्यामागचा हक्क मेलेला नाही. १८५ शेअरना ९२५ ला १०० च्या प्रमाणात आयसीआयसीआयचे २० शेअर. २०१४ मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे १००. २०१७ मध्ये दहाला एक बोनस, म्हणजे ११०. आज त्या शेअरचा भाव हजाराच्या वर आहे. वडील गेले, पत्ता बदलला, लाभांश कुणी वटवला नाही. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, आणि बापूंचे बहुधा तिथेच गेले असणार. ते परत मिळतात. आधी बँकेच्या भाग नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, वारसाचं डीमॅट खातं. दलालाची गरज नाही, फक्त चिकाटी लागते.

अडचण एकच निघाली. शेअरच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. त्याचं प्रतिज्ञापत्र करायला बापू सोमवारी येणार आहेत, येताना दोन्ही बहिणींच्या सह्या घेऊन. दाखला मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या हातात दिला.